घंगाळातलं पाणी

कॉम्प्युटरला पाणी लागतं हे ऐकून अन्नपूर्णावहिनी आधी हसल्या. मग त्यांनी विचारलं, "कोणतं पाणी?"

आमच्या घरात हा प्रश्न आधी येतो, बाकीचं जग मागून. पाणी कुणी भरलं, कशात भरलं, सोवळ्यात की ओवळ्यात, हे ठरल्याशिवाय काशीतल्या रामघाटावरच्या या घरात तांब्या जागचा हलत नाही. मी नागपूरची, मुलींच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. माझ्या मते पाणी म्हणजे पाणी. हे मत मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरात बोलून दाखवलं होतं आणि त्याची फळं अजून भोगते आहे.

पण त्या उन्हाळ्यात भांडायला कुणाच्या अंगात जोर नव्हता. माझे थोरले दीर नरहरदादा यांच्या घशात कॅन्सर निघाला होता. दादा घनपाठी. वेदाचा एकेक शब्द पुढून मागे, मागून पुढे, पुन्हा पुढे असा विणत म्हणायचा, तोही पुस्तक न उघडता, ही त्यांची विद्या. त्यांच्या पद्धतीनं म्हणणारं काशीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. शिष्य आले तसे गेले. घन पुरा व्हायच्या आधीच कुणी दिल्लीला सत्यनारायण सांगायला लागला, कुणी अमेरिकेतल्या देवळात गेला. दादा कुणाला नावं ठेवत नसत. मीच ठेवायचे.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं: मुंबईला न्या, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, माणूस राहील. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरी येऊन झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "आवाज गेल्यावर जो राहील तो माणूस करील काय?"

वहिनी आत जाऊन रडल्या. माझे यजमान केयूर, दादांपेक्षा अठरा वर्षांनी धाकटे, दादांच्या मांडीवर वाढलेले. ते म्हणाले, "दादा, तुम्ही म्हणा. मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवतो. एक अक्षर जाऊ देणार नाही."

दादांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "सगळं उतरलं पक्कं, की मी चलतो मुंबईला. मग खुशाल कापू दे. त्याआधी नाही."

एवढ्या एका वचनावर सगळं उभं होतं.

कॅसेट का नाही, असं कुणीही विचारील. कॅसेट होत्या. पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेनं केलेल्या. दोन पावसाळ्यांत त्यांना बुरशी लागली आणि दादांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. म्हणून केयूरना आता हार्ड डिस्क हवी होती. नंतर दिल्लीला नेऊन तिच्यावरून एकदाच सगळ्या सीडी करून घ्यायच्या, असा बेत. ते विद्यापीठात कॉम्प्युटरचंच काम करत. मशीन त्यांनी घरीच जोडलं होतं. नव्वद टक्के अक्कल त्यांना मशीनमध्ये होती, उरलेली दहा टक्के बाकी संसारात, आणि त्यातला एकही टक्का थोरल्या भावासमोर चालत नसे.

मधल्या मजल्यावरची आतली खोली ठरली. गल्लीतले भोंगे, घंटा, मोटारबोटीची घरघर आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, फटींत गोधड्या. पहिल्या दिवशी दादांनी म्हटलेलं ऐकलं तर मंत्रामागे सारखी घूं घूं. कॉम्प्युटरचा पंखा. पंखा काढला तर मे महिन्यातल्या त्या कोंडलेल्या खोलीत मशीन तापून पंधरा मिनिटांत गपकन बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हा केयूरनी पाण्याची युक्ती काढली. परदेशी मासिकात वाचलेली. ठठेरी बाजारातून तांब्याची एक पोकळ डबी घडवून आणली, ती मशीनच्या तापणाऱ्या चिपवर बसवली. डबीला दोन पारदर्शक नळ्या. त्या नळ्या दाराखालून बाहेर गॅलरीत, तिथे आमचं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ, आणि घंगाळात माशांच्या पेटीत लावतात तो छोटा पंप. पंप पाणी आत ढकलणार, पाणी डबीतली उष्णता घेऊन परत घंगाळात येणार, निवणार, पुन्हा जाणार. पंखा नको, घूं घूं नको. खरंच नामी होतं. मी नवऱ्याचं कौतुक क्वचित करते, त्या दिवशी केलं.

आणि तिथेच वहिनींनी विचारलं, कोणतं पाणी.

मी म्हटलं, "नळाचं चालणार नाही, त्यात क्षार असतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं औषध नको, ते विषारी असतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. त्यात काही नसतं, म्हणून ते डबीत काही ठेवत नाही. आणि चुकून सांडलंच तर वीज त्यातून सहज जात नाही. पुसलं, वाळवलं की काम भागतं."

"बॅटरीचं?" वहिनींचा चेहरा पडला. "ते तेजाबवाल्याकडचं, ॲसिड विकतो त्याच्याकडचं? आणि त्याच खोलीत हे वेद म्हणणार?"

केयूर लहुराबीरहून बॅटरीच्या पाण्याचे कॅन घेऊन आले आणि काम सुरू झालं. वहिनी कुरकुरल्या, पण अडवलं नाही. दादांनी तर लक्षच दिलं नाही. पहाटे गंगेत स्नान, सोवळं नेसून खोलीत, पाटावर मांडी, डोळे मिटलेले. आवाज बसका झाला होता, पण स्वर जागच्या जागी. मी दाराबाहेर घंगाळाशी बसायचे, पंपावर नजर ठेवायला. मला त्यातलं अक्षर कळत नाही. तरी शब्द असे मागे-पुढे जायला लागले की माझ्या अंगावर काटा यायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं सोवळ्याची टिंगल केल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार?

चारच दिवस धड गेले. पाचव्या दिवशी नळीच्या सांध्यातून एक थेंब निसटला आणि दादांच्या उघड्या पायावर पडला. दादा थांबले. डोळे उघडून थेंबाकडे पाहिलं आणि उठले. तेजाबवाल्याकडचं पाणी अंगाला लागलं, सोवळं मोडलं. पुन्हा आंघोळ. बादलीभर गार पाणी डोक्यावर घेताना त्यांना जो खोकला सुटला तो थांबेना. पंच्यावर रक्ताचा डाग दिसला. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सांधा केयूरनी आवळला तरी पुन्हा थेंब पडला. पुन्हा आंघोळ, पुन्हा खोकला.

संध्याकाळी वहिनी माझ्यासमोर बसल्या. रागात नव्हत्या. राग असता तर मला बरं झालं असतं.

"देवयानी, एक सांगू? त्यात गंगाजल घाल ना. मी स्वतः सोवळ्यात भरून आणते. मग थेंब पडला तर पडू दे, उलट चांगलंच. त्यांना पुन्हा नहावं लागणार नाही. किती दिवसांचं शरीर आहे गं ते. रोज दोन-दोनदा थंड पाणी झेपतं का त्यांना?"

बाई भोळी असती तर मी वाद घातला असता. पण बाईनं नवऱ्याच्या खोकल्याचा हिशेब मांडला होता.

तरी मी प्रयोग करून दाखवला. मास्तरणीची खोड. दोन बशा घेतल्या. एकीत चमचाभर गंगाजल, दुसरीत चमचाभर बॅटरीचं पाणी. दोन्ही आटवल्या. बॅटरीच्या पाण्याची बशी कोरी निघाली, गंगाजलाच्या बशीत पांढरट करडं वर्तुळ उरलं. म्हटलं, "बघा वहिनी. हेच त्या डबीत साचणार."

वहिनींनी दोन्ही बशा दिव्याजवळ धरून पाहिल्या. मग म्हणाल्या, "बघ, मी म्हणते तेच. गंगेत काहीतरी आहे. तुझ्या पाण्यात तर काहीच नाही."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! मी केयूरकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत आहे काय होईल ते."

केयूरना माहीत होतं. ते बशीकडे बघत राहिले, मग खोलीत झोपलेल्या दादांकडे. "थोड्याच दिवसांचा तर मामला आहे," ते म्हणाले. "टिकेल तेवढं."

"मग रोज पाणी बदला तरी. फडक्यातून गाळून घाला."

फडक्यातून गाळायला वहिनी तयार झाल्या. बदलायला नाही. जुनं पाणी मोरीत ओतायचं? गंगाजल मोरीत? "मग घाटावर नेऊन गंगेत सोडा," मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, एवढ्या पायऱ्या भरलं घंगाळ कोण उतरवणार, आणि गंगाजल खराब होतच नाही तर बदलायचं कशाला? आमच्या देवघरात सासऱ्यांनी बंद करून ठेवलेला गडू अजून तसाच आहे, हा त्यांचा पुरावा. गडू बंद असतो, घंगाळ उघडं, उन्हात, हे कुणाला सांगायचं? घंगाळात तुळशीपत्र टाकायला निघाल्या तेव्हा मी हात धरला म्हणून थांबल्या.

अशा रीतीनं कॉम्प्युटरमध्ये गंगाजल खेळू लागलं. उन्हाळ्यातली तापलेली लू वाहायची, पाणी भराभर उडून जायचं, आणि वहिनी रोज पहाटे वरून नवं घालायच्या. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. घालाल तेवढे वाढतात. हे मी अकरावीच्या पोरींना शिकवते. घरात शिकवायची सोय नव्हती.

दादांचं मात्र छान चाललं होतं, हेही खरं. थेंब पडला तरी ते थांबत नव्हते. एकदा थेंब मनगटावर पडला तर त्यांनी डोळे मिटल्या मिटल्याच तो ओठांना लावला. दाराच्या फटीतून वहिनी पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते पाहून मी पुन्हा पंपाशी जाऊन बसले.

नळ्यांना आतून हिरवट झाक आली. मग झाक दाट झाली. परत येणारी धार आधी करंगळीएवढी होती, ती दोऱ्याएवढी झाली. मी रोज केयूरना म्हणायचे, एक दिवस थांबवा, डबी खोला, साफ करा, डिस्क तेवढी काढून दिल्लीला नेऊन या. ते म्हणायचे, "दोनच अध्याय राहिलेत. दादांचा आवाज रोज उतरतोय. एक दिवस गेला तर तो परत यायचा नाही." मुंबईची तारीखही जवळ आली होती. मग राहिला एकच अध्याय.

शेवटच्या दिवशी दुपारी दादांनी तो अध्याय म्हणायला घेतला. मी घंगाळाशी, वहिनी खाली स्वयंपाकघरात. परतीची नळी ठिबकत होती, धार नव्हतीच. मी उठून दाराशी गेले, केयूरना खूण करायला. डबी तुंबून इतकी तापली होती की तिच्यावर चढवलेली नळी मऊ पडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत सुटली. उरलेला पंपाचा जोर होता तेवढं पाणी मशीनच्या पोटात गेलं. एक निळी ठिणगी, जळक्या प्लास्टिकचा वास. पडदा काळा.

मी पंपाची वायर उपटली. केयूर खुर्चीवरून अर्धे उठलेले.

आणि दादा म्हणतच होते. डोळे मिटलेले, शब्द मागे-पुढे विणले जात होते. घन मध्ये तोडायचा नसतो. आणि तोडला असता तर सांगायचं काय होतं? केयूर हळूच खाली बसले. काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसून राहिले. आवाज फाटत होता, तरी दादांनी एक स्वर खाली पडू दिला नाही. खोलीत ऐकणारे आम्ही दोघं, त्यातल्या एकीला काही कळत नव्हतं. तासभर तरी म्हणाले असतील. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही आणि इतकं भयंकरही.

संपल्यावर त्यांनी नमस्कार केला, डोळे उघडले. "उतरलं?" त्यांनी विचारलं. तो आवाज म्हणजे नुसता वारा होता.

"उतरलं, दादा," केयूर म्हणाले. "सगळं."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते एवढंच म्हणाले, "सांगितलं असतं तर ते मुंबईला आले असते? पुन्हा पहिल्यापासून म्हणायला बसले असते. याच खोलीत गेले असते, देवयानी." मी म्हटलं, "त्यांचा आवाज आहे. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही कोण?" आम्ही दोघंही बरोबर होतो, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. त्यातून केयूरना धीर निघेना. पाणी पुरतं वाळायच्या आत त्यांनी डिस्क चालू करून पाहिली. आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला. नंतर दिल्लीत दोघा-तिघांना दाखवली. सगळ्यांनी हात वर केले.

मुंबईत दादांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक ठेवलं, आता श्वास तिथून. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं: या भोकात पाण्याचा थेंब जाता कामा नये, थेट छातीत उतरेल. गंगेत बुडी मारणं आता जन्मात नाही. दादांनी मान हलवली. वहिनींनी निम्मं ऐकलं असेल, त्या नवरा जिवंत आहे एवढंच बघत होत्या.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दादांनी पाठशाळेतली पाटी मागवली आणि लिहिलं, "लाव. ऐकू दे."

वहिनी देवघरात होत्या. केयूर दादांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. ठिणगी, काळा पडदा, खोटं, दिल्ली. सांगताना हुंदके देत होते, मोठा माणूस. दादा ऐकत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. गळ्यातल्या भोकातून श्वास येत-जात होता, त्याचा तेवढा आवाज. मग त्यांनी लिहिलं, "कशानं?"

मी आत जाऊन ती तांब्याची डबी आणली, झाकण काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. आत हिरवा-करडा चिखल, त्याखाली दगडासारखा पांढरा थर. मला वाटलं होतं, हे दाखवायची वेळ येईल त्या दिवशी मला बरं वाटेल. बशा दाखवल्या होत्या, कुणी ऐकलं नव्हतं, आता बघा. काही बरं वाटलं नाही.

दादांनी बोटानं थर खरवडला. नखात आलेली पूड पाहिली. त्यांना कळलं, सांगावं लागलं नाही. देवघरातून वहिनींचं स्तोत्र ऐकू येत होतं. दादांनी डबी झाकली, धोतराच्या घोळात लपवली आणि पाटीवर लिहिलं, "तिला सांगायचं, बिजलीनं गेलं."

आम्ही वाचल्यावर हातानंच पुसलं.

वहिनी गंगाजलाचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. आमचे चेहरे पाहून दारातच थबकल्या. "काय झालं?"

"वहिनी," केयूर म्हणाले, "ते रेकॉर्डिंग गेलं. बिजली एकदम जास्त आली. सगळं जळलं."

आमच्या गावात विजेवर कशाचाही आळ घ्या, कुणी उलट विचारत नाही. वहिनी मटकन खाली बसल्या. किती वेळ रडल्या. दादा त्यांच्या पाठीवर थोपटत होते. मग पदरानं डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "बघितलंस, देवयानी? बिजलीनं घात केला. गंगाजल होतं म्हणून इतके दिवस तरी चाललं. तुझं ते बॅटरीचं पाणी असतं तर केव्हाच संपलं असतं."

दादा माझ्याकडे पाहत होते. त्या माणसाला बोलता येत असताना त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"हो, वहिनी," मी म्हटलं.

वहिनींना जरा धीर आला. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली. "हे तरी भरून येऊ दे लवकर," असं पुटपुटत त्यांनी ओली बोटं दादांच्या गळ्याकडे नेली, भोकाच्या कडेला लावायला. मी ओरडून पुढे झाले. दादांनी हात वर करून मला जागच्या जागी थांबवलं, आणि वहिनींना नीट पोचावं म्हणून मान वर केली.

थेंब आत गेला. दादा कमरेपासून वाकले, अंग गदगदा हलत होतं, डोळ्यांतून पाणी, आणि त्या ठसक्याला आवाज नव्हता.

"लागलं का हो?" वहिनींनी घाबरून विचारलं.

दादांनी श्वास परत मिळेपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला. मग मानेनंच नाही म्हटलं.